धाकट्याच्या वाट्याला

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागं विरूपाक्ष आणि संगमेश या दोघा भावांची डाळमिल होती. वडील होते तोवर सगळं एकोप्यानं चाललं. वडील गेले आणि वर्षभरात दोघांचं बोलणं मुनीमजींच्या मार्फत होऊ लागलं. धाकट्यानं, म्हणजे संगमेशनं, तोवर नांदेडच्या एमआयडीसीत दुसरी मिल उभी केली होती, तीही दोघांच्याच नावावर. शेवटी वाटणी ठरली. उदगीरची जुनी मिल थोरल्याला, नांदेडची नवी धाकट्याला. जे कमीजास्त होईल ते यंत्रं, गोदामं, गाड्या इकडंतिकडं करून सारखं करायचं.

तिथं संगमेशनं एक गोष्ट काढली. तो पुण्याहून एमबीए करून आलेला. म्हणाला, "यंत्रं वाटून घेऊ, पण ती चालवणारी माणसं कुणाची? शिकलेली, मुरलेली सगळी माणसं उदगीरला. मी नांदेडला नुसते पत्रे घेऊन काय करू? माणसांची किंमत धरा."

विरूपाक्षला हसू आलं. "माणसं काय बैलं हायत का बाजारात उभी करायला?"

पण वाटणीचं काम ज्या नांदेडच्या सीएकडं होतं, त्याला हे पटलं. त्यानं दोघांना समजावून सांगितलं की असा हिशेब असतो आणि मोठ्या कंपन्या तो करतात. माणूस अजून किती वर्षं काम करील, तोवर किती कमावील, आणि उद्या तो निघून गेला तर त्याच्या जागी दुसरा तयार करायला किती दिवस आणि किती खर्च लागेल, यावरून आकडा निघतो. यंत्रासारखी माणसंही धंद्याची मालमत्ताच असतात, फक्त कागदावर कुणी लिहीत नाही. विरूपाक्ष म्हणाला, "लिवा मग." आणि सीएच्या ऑफिसातली शिल्पा नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन उदगीरला आली.

त्या मिलमध्ये महामाया सॉर्टेक्सवर होती. सॉर्टेक्स म्हणजे डाळ निवडायचं यंत्र. वरून डाळ पडते, आतले कॅमेरे तिला बघतात आणि काळा, करपलेला दाणा हवेच्या झोतानं बाजूला उडवतात. हे यंत्र यायच्या आधी मिलच्या अंगणात बायका ओळीनं बसून हातानं डाळ निवडायच्या. महामाया त्यांतलीच. नवरा गेला तेव्हा मुलगा आनंदराज शाळेत होता, म्हणून ती रोजानं लागली होती. यंत्र आलं, बायका घरी गेल्या, झाडलोट करायला तेवढी महामाया राहिली. यंत्रावर ठेवलेली पोरं टिकत नव्हती. एक गेला, दुसरा गेला, आणि मधल्या दिवसांत महामाया बटणं दाबत राहिली. ती काम बरं करते हे मालकांच्या लक्षात आलं तेव्हा तिला कायम करून टाकलं. कुठल्या गावच्या तुरीला यंत्र किती कडक ठेवायचं आणि किती ढिलं, हे तिच्या हाताला कळायला लागलं होतं. आनंदराज तोवर चाकणला एका कंपनीत लागला, तिथंच लग्न करून राहिला.

तिची सोबतीण गुरम्मा. गुरम्मा पॅकिंगला होती, महामायापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. भालकीकडची, नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही. घरात कन्नड बोलणारी, बाहेर उदगिरी मराठी. दोघींनी मिळून स्टेशनजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती आणि तिथं त्यांना बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला घरमालकीणबाईनं गुरम्माला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही लिंगायत, ती बौद्धवाड्यातली. जमतंय कसं?" गुरम्मा म्हणाली, "भाडं अर्धं होतंय, म्हणून जमतंय." पहिल्या वर्षी खोलीत दोन शेगड्या होत्या. मग सिलेंडर महागला आणि एकीनं भाकरी टाकायच्या, दुसरीनं कालवण करायचं, असं आपोआप होऊन बसलं. महामाया तिला अक्का म्हणायची. ती हिला माया.

शिल्पानं गोदामाच्या कोपऱ्यात टेबल मांडलं आणि एकेकाला बोलावलं. महामायाला तिनं विचारलं, "मावशी, उद्या तुम्ही काम सोडलं तर हे यंत्र दुसऱ्या कुणाला शिकायला किती दिवस लागतील?"

महामायानं असे प्रश्न आधी ऐकले होते. अंगणातल्या बायकांना घरी पाठवायच्या आधीही असंच कुणीतरी वही घेऊन हिंडलं होतं. तिला वाटलं, आता आपली पाळी. यंत्र अवघड आहे म्हटलं तर मालकाला वाटायचं, ही डोक्यावर बसली, आधी हिलाच काढा.

"काय अवघड हाय ताई त्यात," ती म्हणाली. "कुणी बी शिकतंय आठ दिवसांत."

शिल्पानं ते लिहून घेतलं आणि वय विचारलं. महामाया उठून यंत्रावर गेली. तिच्यानंतर गुरम्माला बोलावलं. गुरम्मा बराच वेळ टेबलावरून परत आली नाही. आली तेव्हा महामायानं विचारलं, "काय विचारत होती ग एवढं?" गुरम्मा म्हणाली, "काय न्हाई, बोरी किती शिवता म्हणून." आणि पोती मोजायला लागली.

उन्हाळा संपत आला तेव्हा विरूपाक्षनं माणसांना आवारात बोलावलं. कोण उदगीरला राहणार आणि कोण नांदेडला जाणार ते मुनीमजींनी वाचून दाखवलं. नांदेडच्या नावांत बॉयलरचा मिस्त्री होता, एक ड्रायव्हर होता आणि महामाया होती. मिस्त्री मूळचा नांदेडचाच, तो खूश झाला. महामाया तशीच उभी राहिली. मुनीमजी पुढचं वाचून गेले तरी तिला वाटत राहिलं की ते परत मागं येतील.

नंतर ती विरूपाक्षकडं गेली. "अण्णा, मला हितंच राहू द्या."

विरूपाक्षचा चेहरा पडलेला होता. "माझ्या हातात असतं तर सोडलं असतं का तुला? सीएच्या कागदात मुनीमजीच्या वर आकडा हाय तुझा. धाकट्यानं तुझं नाव धरून ठेवलं, कंधारचं गोदाम सोडलं तुझ्यासाठी." मग म्हणाला, "पगार वाढवून देतोय तो. जाऊन तर बघ."

त्या संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. गुरम्मानं शेंगाची चटणी पुढं सरकवली. "नांदेड काय लांब हाय व्हय," ती म्हणाली. "सकाळी येसटीत बसलं की दुपारी पोचतंय. आता तर बायकांना अर्धंच तिकीट." महामायानं मान हलवली. मग गुरम्मा उठली आणि नळाचं पाणी आलंय का ते बघायला उगाचच बाहेर गेली. बराच वेळ तिथंच उभी राहिली.

जून लागता लागता महामाया नांदेडला आली. संगमेशनं सिडकोत तिला स्वतंत्र खोली बघून दिली होती, आतच मोरी, आतच नळ. आनंदराज फोनवर म्हणाला, "आई, नांदेडसारखं शहर, पगार वाढला, स्वतंत्र खोली. आता काय कमी हाय तुला?" तिनंही म्हटलं, "हाव, काय कमी न्हाई." आणि खरंच, सांगण्यासारखं काही कमी नव्हतं.

मिलमध्ये यंत्र नवंकोरं होतं, उदगीरच्या यंत्राच्या दुप्पट मोठं. काम करणारी पोरं बिहारची, थोडी तेलंगणाकडची. ती तिला मॅडम म्हणायची आणि जेवायला आपापली गोल करून बसायची. संगमेश वाईट नव्हता. पाहुणे आले की त्यांना यंत्राजवळ आणायचा आणि म्हणायचा, "ह्या आमच्या महामायाबाई. यंत्र कुणीही विकत घेतं, ह्यांना मी गोदाम देऊन आणलंय." पाहुणे हसायचे. महामाया पदर नीट करून उभी राहायची. पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं. तिसऱ्या-चौथ्यांदा ती पाहुणे येताना दिसले की पाणी प्यायला जायला लागली.

खोलीत मात्र तिला काही जमेना. दोघींच्या अंदाजानं पीठ मळायची सवय, भाकरी उरायच्या. सकाळी शिळ्या खायच्या, तरी उरायच्या. वरच्या मजल्यावर राहणारं कुटुंब सज्जन होतं, पण दार लावून राहणारं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात यायचं की सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नाही. मग दुकानात जाऊन ती काहीतरी विचारायची, गूळ कसा दिला, आणि न घेताच परत यायची. उदगीरला गुरम्मा झोपेत कन्नडमध्ये बडबडायची, त्यावर ती चिडायची. इथं कधीकधी ती जागी व्हायची ती आवाज नाही म्हणून.

श्रावणात एकदा ती संगमेशच्या केबिनमध्ये गेली. "मालक, मला उदगीरला परत धाडा."

संगमेशनं तिला बसायला सांगितलं. "मावशी, काही त्रास हाय का? कुणी काही बोललं?"

"न्हाई. कुणीच काय बोलत न्हाई."

त्याला ते कळलं नसावं. "हे बघा, तुम्हाला कुणी बांधलेलं न्हाई. राजीनामा देऊन आज गेलात तरी मी अडवू शकत न्हाई. पण अण्णाकडं तुम्ही परत गेलात तर माझं गोदाम गेलं ते गेलंच ना. आणि अण्णानं तिथं हैदराबादचा पोरगा आणलाय, सॉर्टेक्सवर. तो मोबाइलवरून सेटिंग करतो म्हणे. तिथं तुम्हाला यंत्र न्हाई आता." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "पगाराचं बोला, मी बघतो."

ती उठून यंत्रावर गेली.

गुरम्माचा फोन दर रविवारी असायचा. महामाया त्या वेळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायची. तिथं माणसं असायची, लेकरं असायची, कुणी पाण्यात फुलं सोडायचं. गुरम्मा पहिल्यांदा विचारायची, "ऊटा आयतेन?" म्हणजे जेवण झालं का. मग मोंढ्यातल्या गोष्टी, मुनीमजींचं दुखणं, कोण कुणाशी भांडलं. मागून भांड्यांचा आवाज यायचा आणि महामायाला खोली डोळ्यांपुढं दिसायची.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गुरम्मा बोलता बोलता थांबली. "माया, एक सांगायचं हाय. रागावू नको."

"बोल की."

"ती लॅपटॉपवाली पोरगी आली होती ना, तिला मीच सांगितलं सगळं. तिनं विचारलं, मिलमध्ये कोण गेलं तर जास्ती अडंल? मी म्हनलं, माया. म्हनलं, हिच्या डोळ्यावर मिल चालतीय. माल परत आला न्हाई कधी हिच्यामुळं. दुसरा मानूस तयार व्हायला दोन सीझन तर जातेल, तरी हिच्यावानी होनार न्हाई. अर्धा घंटा बोलत होते मी. मला वाटलं, लिहून घेतीय तर पगार वाढंल तुझा. उचलून नेतेल म्हनून कुठं ठाव होतं मला?"

महामायाला गोदामातलं ते टेबल आठवलं. आपण आठ दिवस म्हणालो होतो. त्या पोरीनं आपलं ऐकलं असतं तर आपण आज उदगीरला असतो.

"माया? राग आला का?"

"न्हाई अक्का." ती म्हणाली. "एवढं कुणी बोललं न्हाई माझ्याबद्दल. आनंदराजचा बाप बी न्हाई."

पलीकडून गुरम्मा नाक ओढताना ऐकू आली. मग गुरम्माचा बॅलन्स संपला की काय, फोन बंद झाला.

घाटावरून परत येताना महामायाचं ठरलं. दिवाळीला जायचं ते परत यायचं नाही. सॉर्टेक्स नाही तर नाही. अक्काच्या शेजारी बसून पोती शिवायची, विरूपाक्ष अण्णा तेवढं काम नाही म्हणणार नाहीत. पगार निम्मा झाला तरी चालेल. हे तिनं फोनवर सांगितलं नाही. समोरासमोर सांगायचं, अक्काचं तोंड बघायचं, असं तिच्या मनात होतं.

दिवाळीला मिल आठवडाभर बंद होती. संगमेशनं सगळ्यांना मिठाई आणि तिला एक साडी दिली. आनंदराजला सुट्टी मिळाली नव्हती. तिनं एका मोठ्या पिशवीत कपडे भरले, दुसरीत आपली पातेली, तवा, डबे भरले. खाट आणि गादी घरमालकाची होती, ती राहिली. कंधार, जळकोट करत एसटी दुपारी उदगीरला पोचली. रिक्षात बसताना तिला स्वतःशीच हसू येत होतं.

खोलीचं दार उघडलं ते एका अनोळखी बाईनं.

"कोण पाहिजे?" त्या बाईनं विचारलं. मग पिशव्यांकडं बघून तिचं तोंड उजळलं. "महामायाताई का तुम्ही? या, या. अक्का बाजारात गेल्यात, येतेल इतक्यात. मी धुरपता."

धुरपताबाई जळकोटकडची होती. नवरा वारल्यावर मुलीचं लग्न करून दिलं आणि उदगीरला पॅकिंगच्या कामाला आली. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. "अक्का तुमचं नाव काढल्याबिगर राहत न्हाईत," ती म्हणाली. "मायाला हे आवडायचं, माया असं करायची." महामाया खिडकीशी बसली. तिची जागा तीच होती, पण आता तिथं धुरपताबाईची ट्रंक होती आणि ट्रंकेवर घडी केलेली गोधडी. भिंतीवर महामायानं लावलेल्या तसबिरीच्या जागी एका बँकेचं कॅलेंडर होतं. फोनवर ऐकू यायचा तो भांड्यांचा आवाज कुणाचा होता, ते तिला आत्ता कळलं.

गुरम्मा आली, पिशवी दारातच टाकून तिला मिठी मारली. "बा, बा, ये ग, माझी माया आली," म्हणाली. मग तिची नजर ट्रंकेकडं गेली आणि ती ओशाळली.

धुरपताबाई काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेली. गुरम्मा खाली बसली.

"सांगनार होते ग फोनवर. दर बारीला वाटायचं, पुढल्या रविवारी सांगावं."

"कधीपासून हाय?"

"तू गेलीस, त्याच्या पुढच्याच महिन्यात आली." गुरम्मा जमिनीवर बोट फिरवत होती. "भाडं एकटीला झेपंना. अन भाड्याचं तरी काय, खोली खायला उठायची. बोलायला कुणी न्हाई. तुला काय सांगू."

"बरं केलंस," महामाया म्हणाली. "एकटीनं कशाला राहायचं."

महामायाची दुसरी पिशवी उचलून बाजूला ठेवायला गुरम्मानं हात घातला. "यव्वा, केवढी जड. काय भांडी आणलीस का काय?"

"हाव," महामाया म्हणाली. "तुलाच आणली. दिवाळीची. मला नांदेडला नवी घेतलीत." आणि तिनं एकेक भांडं काढून फळीवर ठेवलं. गुरम्मा बघत राहिली. ती भांडी याच खोलीत तिनं स्वतः रोज घासलेली होती.

रात्री तिघी जेवल्या. धुरपताबाई चांगली बाई होती. तिनं करंज्या केल्या होत्या, आग्रह करून वाढत होती. तिला तिखट चालत नव्हतं म्हणून गुरम्मानं कालवण दोन वाट्यांत वेगळं काढलं होतं. मोंढ्यातल्या कुणाचं तरी नाव निघालं आणि दोघी एकदम हसल्या. महामायाही हसली. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. गुरम्मा स्टँडवर सोडायला आली. नांदेडची गाडी लागलेली होती, कंडक्टर खाली उभा राहून चहा पीत होता.

"खरं सांग माया, कशाला आली होतीस?"

"दिवाळीला. दुसरं कशाला?"

गुरम्मानं तिच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. "धुरपता पाडव्याला पोरीकडं जानार हाय, चार दिवस. तेवढे तरी राहा."

"मिल चालू होतीय उद्या," महामाया म्हणाली. मिल अजून चार दिवस बंद होती.

गाडीत बसल्यावर गुरम्मानं खिडकीतून तिचा हात धरला, आणि कंडक्टरनं घंटी दिली तरी सोडला नाही. गाडी हलली तशी दोन पावलं बरोबर चालली. नंतर हात सुटला. महामायानं मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उतरली असती, आणि उतरून जायला जागा नव्हती.

नांदेडला उतरल्यावर घरी जायच्या आधी ती भांड्यांच्या दुकानात शिरली. दिवाळीची गर्दी होती. दुकानदारानं मोठी पातेली काढली, ती तिनं परत केली. लहानसं एक घेतलं, एक तवा, एक झाकण. खोली उघडली तेव्हा आत चार दिवसांच्या बंद खोलीसारखा वास येत होता, आणि ती तर कालच गेली होती. तिनं खिडकी उघडली, नवं पातेलं विसळलं, भात टाकला. अंदाज नीट बसला, काही उरलं नाही.

जेवून तिनं गुरम्माला फोन लावला. तो धुरपताबाईनं उचलला.

"अक्का झोपल्यात ताई. सकाळपासून काय बोलल्या न्हाईत, डोकं दुखतंय म्हनत्यात. उठवू का?"

"नको, झोपू द्या," महामाया म्हणाली. "पोचले म्हणून सांगा."

"सांगते."

"आन धुरपताबाई, ते मोठं पातेलं हाय ना, त्यात दूध तापवू नका. बूड पातळ हाय त्याचं. लगेच लागतंय."